ताम्हणकरबाईंना आणायला गेलेलं वांगं

अहो, जरा जवळ सरका, सतरंजीवर जागा आहे. गेलेल्या ताम्हणकरबाई मला आत्ता कशा भेटल्या ते सांगते. रामाच्या देवळात बसून खोटं बोलायची माझी छाती नाही.

दुपारचं कीर्तन. बुवांचा पूर्वरंग छान रंगलाय, पेटीवाल्यानं सूर धरून ठेवलाय आणि मी खांबाला टेकलेय. मन मात्र संध्याकाळच्या पालकसभेत. मुख्याध्यापक खरातसरांनी बजावलंय, सगळ्यांसमोर माफी मागा आणि तो जपानचा तास बंद करा. तास बाईंनी सुरू केलेला. त्या गेल्यापासून मी घेते. परवा सहावीच्या मुलांना तिकडची एक रीत सांगितली. वर्षातून एकदा गेलेली माणसं घरी येतात, म्हणून त्यांना लवकर आणायला काकडीचा घोडा करायचा आणि सावकाश परत पाठवायला वांग्याची गाय. काड्यांचे चार पाय खोचले की झालं. कुणाला बोलवायचं, असं विचारलं तर अख्खा वर्ग म्हणाला, ताम्हणकरबाईंना. पालक बिथरले ते यावरच.

झांज वाजते. डोळे जड होतात. पाठीला खांब गार लागतो, फळ्यासारखा. फळाच आहे तो. सभामंडपात बाकं मांडलीयत, बुवा कुठेतरी भिंतीपलीकडे गाताहेत, आणि दारात ताम्हणकरबाई चपला काढून जुळवून ठेवताहेत, तासाला यायच्या तशाच.

"बाई, किती उशीर," मी म्हणते.

"मग काय होणार? आणायला वांगं पाठवलंत."

मी मान खाली घालून सांगते, काकड्या पोरांनी मधल्या सुट्टीत मीठ लावून खाल्ल्या; उरलं ते वांगं. बाई तोंडाला पदर लावून हसतात. गवत दिसेल तिथे गाय थांबायची म्हणे.

बाकांखाली पाणी आलंय. आम्ही नदीच्या पायरीवर बसलोय, समोर पान वाढलेलं, पलीकडे कावळा. मी माफीचं सांगते. नोकरीचा प्रश्न आहे, मागून टाकते, असंही म्हणते.

बाईंचं हसू जातं. "कशाची माफी, कुंदा? आपण कावळ्याला हाका मारतो, ती माणसं काकडीला पाय लावतात. पोरांनी बोलावलं, मी आले. यात चुकलं कुणाचं?"

"सर ऐकायचे नाहीत."

"मग तू तरी त्यांचं का ऐकतेस?"

बाई उठतात, म्हणतात, गाय धर जरा, चढू दे मला. मी देठाला गच्च धरते. गाय इतकी हळू निघते की बाईंचा पदर कितीतरी वेळ दिसत राहतो.

जयघोष होतो आणि मी जागी होते. बुवा उत्तररंगात शिरलेत. माझ्या अंगठ्यात वांग्याच्या देठाचा काटा आहे, रक्ताचा थेंब अजून ओला. चातुर्मासात माझ्या घरात वांगं शिरत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. हा बघा. काढलेला नाही, काढणारही नाही.

आता सभेला निघते. माफी मागणार नाही. सरांनी वर्गाला कुलूप लावलं तर पोरांना इथे मंडपात बसवीन, रामराया काही नाही म्हणायचा नाही. तुम्ही एवढंच करा, आरतीला हात जोडाल तेव्हा ताम्हणकरबाईंची आठवण काढा.