मायच्या शेगडीचे तेरा ओहम

मायच्या घरी सकाळ शेगडीच्या तारेपासून सुरू होते. अमळनेरजवळचं आमचं गाव, थंडीचे दिवस, मागच्या ओट्यावर धुरकट उजेड आणि त्यात जमिनीवर ठेवलेली विजेची शेगडी. तार आधी काळी, मग लालसर, मग नारिंगी. लहानपणी मला वाटायचं, सूर्य आधी आमच्या ओट्यावर उगवतो आणि मग कपाशीमागून वर जातो. आता जळगावच्या शाळेत विज्ञान शिकवते, तरी त्या ओट्यावर बसलं की तसंच वाटतं.

शेगडी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी आणलेली. ते तेलगिरणीत वायरमन होते. घरात गॅस आला, पण सकाळचा चहा शेगडीवरच. पातेलं ठेवून माय-आबा दोघं समोरासमोर बसायची आणि उकळी येईपर्यंत कायकाय बोलत राहायची. मी गोधडीतून ऐकायची. शब्द कळायचे नाहीत, नुसती गुणगुण यायची आणि परत झोप लागायची.

आबा गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मायने त्यांचं नाव तोंडातून काढलं नाही. मी विषय काढला की ती उठून कामाला लागायची. मला त्याचा राग यायचा, आणि भीतीही वाटायची.

यंदा नाताळच्या सुट्टीत गेले तर ओट्यावर जळका वास. शेगडीची पिन तपकिरी पडलेली, भिंतीतलं सॉकेट एका बाजूने वितळलेलं. माझं डोकंच फिरलं.

"अगं माय, एक दिवस घर पेटवशील! एकटी राहतेस, कोण धावून येणार?"

"जुनी शे, पन तपस कशी दख!" माय उलट कौतुकानेच म्हणाली. "चटकन चहा व्हस."

"अशी तापायला नको ती!"

"तू ते शेगडीपेक्षा जास्ती तपस," ती म्हणाली आणि उभ्या उभ्या चहा पिऊन शेताकडे निघून गेली.

खरं होतं तिचं, मी तापटच आहे. पण प्रश्न मला पडलाच. जुनी शेगडी जास्त तापेल कशी? पिशवीत शाळेचं मीटर होतं. दाब भरला दोनशेवीस व्होल्ट, प्रवाह साडेपाच अँपिअर. आणि आबांचा आवाज कानात आला, गिरणीच्या तेलाचा वास येणारा: "दाबाला धारेनं भाग दे, अडवणूक निघते. दाबाला धारेनं गुण, ताकद निघते." रोध आणि शक्ती हे शब्द मला शाळेत फार नंतर भेटले.

भाग दिला, चाळीस ओहम. गुणलं, बाराशे दहा वॅट. शेगडीच्या बुडाशी छापलेलं होतं दोनशेतीस व्होल्ट, हजार वॅट. म्हणजे तार मुळात त्रेपन्न ओहमची. तेरा ओहम गेले कुठे?

दुपारी माय परतल्यावर विचारलं. तिने फडताळातून बिस्किटाचा डबा काढला. आत तारेचे वेटोळे तुकडे. तार तुटली की ती जळकं टोक कापायची, आणि तेवढ्यावर थांबायची नाही. भरताच्या वांग्याची कीड काढताना कसं आपण चांगला भागही थोडा जास्तच काढतो, तसं बोटभर जास्त कापायची आणि मग उरलेली तार ओढून जोडायची. तार आखूड होत गेली, अडवणूक कमी होत गेली, धार वाढत गेली. पाच अँपिअरच्या बिचाऱ्या पिनने किती सोसायचं?

"मग हे तुकडे ठेवले कशाला?"

"त्यासनी बसाडेल तार शे. फेकवत नही." आबांनी बसवलेली, पण नाव तिने तेव्हाही घेतलं नाही.

तुकडे फरशीवर ओळीने जोडून मोजले. साडेबारा भरले. अर्धा ओहम तेवढा जळून गेला असावा. कापलेलंही इतकं जपून ठेवणाऱ्या बाईला मी सकाळी नाही नाही ते बोलले होते. फार लाज वाटली.

तरी नवी तार आणली, पिन आणि सॉकेटही बदललं. माय रुसून आत जाऊन बसली. "बठ्ठं बदलाडी टाक," सगळंच बदलून टाक, एवढंच म्हणाली. उरलेली जुनी तार मी डब्यातल्या तुकड्यांवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं चढवलं. तार सावकाश लाल झाली. मीटरवर सव्वाचार अँपिअरच्या आत. सगळं नियमात, आणि चहाला उकळी काही येईना. माय उभी राहिली, वाकून पाहिलं, पदर खोचला. मी म्हटलं, आता बोलणी खायची वेळ आली.

मग ती पाटावर टेकली, माझ्या समोर. तारेचा उजेड तिच्या हनुवटीवर आला होता.

"त्या व्हतात तवय अशीच तपे हाई," आबा होते तेव्हाची शेगडी आठवून ती म्हणाली. "हळूहळू."

उकळी यायला अजून वेळ होता. तेवढ्यात मायने आबांविषयी बोलायला सुरुवात केली.