पाऊण इंची रिव्हॉल्व्हर

माझ्या हातून आयुष्यात एकच खून व्हायचा होता, सख्ख्या भावोजींचा, आणि तोही राहून गेला.

झालं असं की, कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या वार्षिक कार्यक्रमात भावोजींनी पहिल्यांदाच नाटक बसवलं. भावोजी इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतात, त्यामुळे माणसाच्या आतलं आपल्याला बाहेरच्यापेक्षा जास्त कळतं, असा त्यांचा समज आहे. नाटकात नवरा तेच आणि बायको माझी ताई. ती तिथंच नर्स आहे. शेवटच्या प्रवेशात बायको पर्समधून रिव्हॉल्व्हर काढते आणि नवऱ्याला उडवते. (भूमिकेसाठी ताईला फारशी तालीम लागली नाही!)

"रिव्हॉल्व्हर दिगंबर आणेल!" भावोजींनी जाहीर केलं.

दिगंबर म्हणजे मी. आठवीत शाळेला रामराम ठोकला, गावात चार वर्षं नुसता हिंडलो. मग ताईनेच व्हिसासाठी धावपळ केली, मला इथं आणलं आणि पाइप फिटरच्या कामाला लावलं. आज खैतान भागातल्या खोलीत पाच जणांत का होईना, मानाने राहतो ते तिच्यामुळे. तिच्यासाठी एक तरी काम न बिघडवता करून दाखवायचं, एवढीच माझी इच्छा. आणि काम मिळालं ते हे!

"भावोजी, परदेशात असली वस्तू घेऊन फिरायचं म्हणजे... पकडलं तर थेट विमानात बसवतील हो."

"अरे, खेळण्यातली बंदूक आण! फक्त दोन अटी. पर्समध्ये मावली पाहिजे, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला तिचं तोंड दिसलं पाहिजे. छोटी, पण भोक मोठं!"

लग्नाला मुलगी बघताना घालत नाहीत अशा अटी! पहिली मिळाली ती हातभर लांब, पर्समधून अर्धी बाहेर. दुसरी पोपटी. चाप ओढला की दिवे लावून गाणं म्हणायची. तिसरी पर्समध्ये नेमकी बसली, मी खूश! ताईने तिच्या तोंडात डोकावून पाहिलं.

"दिगू, ह्यातून इंजेक्शन देऊचा की खून करूचो?"

भाची सोफ्यावरून म्हणाली, "मामा, दॅट्स सो लेम." सहावीतली पोर! पण माझ्यापेक्षा दोनच इयत्ता मागे, म्हणून मी उलट बोललो नाही.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भोक मोठं पाहिजे ना? अहो, दिवसभर मी दुसरं करतो काय! अर्धा इंची पाइप बारीक, एक इंची म्हणजे तोफ; पाऊण इंची, फस्क्लास! पाऊण इंची प्लॅस्टिकच्या पाइपचा वीतभर तुकडा घेतला, दोन्ही टोकांना आटे पाडले. मधे जाड सॉकेट, गोळ्यांची जागा म्हणून. मागे काटकोनी एल्बो, त्याला मुठीपुरता पाइप, खाली टोपण. तारेचा चाप. वर काळा रंग. असा माल निघाला की खोलीवरचा बबन (हाही फिटर, गाव माझ्या गावाशेजारचं) अंघोळीहून येता येता दारातच हात वर करून उभा राहिला. टॉवेल पडला, तरी हात खाली घेईना!

मला आनंद झाला आणि लगेच घाम फुटला. बबन घाबरला, तर पोलीस काय करतील? म्हणून कार्यक्रमाच्या शुक्रवारी दुपारी मी रिव्हॉल्व्हर आटे फिरवून सुटं केलं आणि तुकडे हत्यारांच्या पिशवीत पान्यांबरोबर टाकले. वाटेत तपासणीला खरंच टॅक्सी थांबवली! पोलिसाने माझं कार्ड पाहिलं, पिशवी उघडली, एल्बो उचलून फिरवला.

"प्लंबर?"

"येस सर! ओन्ली प्लंबर सर! नो अदर थिंग सर!"

त्याने एल्बो परत टाकला आणि जायची खूण केली. मी त्याला तीन वेळा सलाम केला. त्यातला एक टॅक्सी सुटल्यावर.

हॉलवर पोचलो तर शेवटचा प्रवेश तोंडावर. वॉशरूममध्ये घुसून भराभर जोडणी केली, प्रत्येक आट्याला टेफ्लॉन टेप गुंडाळली, पान्याने आवळलं. आणि इथं माझ्या हातांनी घात केला. जॉइंट खोलून पुन्हा जोडला की पाणी भरून, बूच मारून, उभा ठेवून बघायचा, हा आमचा नियम. सात वर्षांची सवय! डोकं खुनात होतं, हात कामावर होते. बेसिनचा नळ सोडला, रिव्हॉल्व्हर काठोकाठ भरलं, तोंडाला पिशवीतलं लाल बूच मारलं आणि उभं करून बघत बसलो. एक थेंब नाही! काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

"दिगंबर! लॅपटॉपवर जा!" भावोजी स्टेजवर शिरता शिरता ओरडले. गोळीचा आवाज मीच सोडायचा होता. एकच बटण. मी धावलो. माझ्यामागून ताई आली, बेसिनवरची वस्तू पर्समध्ये टाकली आणि स्टेजवर गेली.

"नको! मला मारू नकोस!" भावोजी गुडघ्यांवर बसले.

ताईने झोकात रिव्हॉल्व्हर रोखलं. तोंडाला लालभडक बूच! शेवटच्या रांगेपर्यंत दिसलं. भोक मोठं ना!

"बूच!" भावोजी रडता रडता पुटपुटले. "अगं, बूच काढ!"

नर्स ती. शांतपणे बूच काढलं आणि नेम धरला. भळ्ळकन सगळं पाणी भावोजींच्या टकलावर! आणि हॉलच्या मागून बबनचा खणखणीत आवाज:

"दिग्या! तुझो जॉइंट गळताहा मरे!"

मला आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. मास्तर बोलले, बाबा बोलले. मी ऐकून घेतलं. पण माझा जॉइंट गळतो? चारशे माणसांत? बटण तिथंच राहिलं आणि मी थेट स्टेजच्या मधोमध!

"गळत नाही!" मी ताईच्या हातातून रिव्हॉल्व्हर हिसकावून प्रेक्षकांना दाखवलं. "हे टेस्टिंगचं पाणी आहे! हा एल्बो बघा, कोरडा! सॉकेट बघा!"

"अरे, गोळी!" ओले भावोजी खालून ओरडत होते. "आवाज सोड! मला मरायचंय!"

पडदा पडला, पण ते मेले नाहीत. टाळ्या पाच मिनिटं. लोक भावोजींना म्हणाले, काय विनोदी नाटक बसवलंत! भावोजी तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ताईसमोर जायचंही मला धाडस होईना. चौथ्या दिवशी तिनेच बोलावलं. मी मान खाली घालून उभा.

"ताई, तुझं एक काम... तेही..."

"गप रे," ती म्हणाली. "खरा सांग, एक थेंबय गळाक नाय?"

"देवाशपथ नाही."

"मग हय ये." तिने स्वयंपाकघरातल्या बेसिनखालचं कपाट उघडलं. खाली बादली, बादलीत टप टप.

आज तिथल्या पाण्याच्या लाइनला माझं काळं रिव्हॉल्व्हर बसवलेलं आहे, फक्त खालचं टोपण काढून, चापासकट. अजून थेंब गळालेला नाही. कुणी पाहुणे आले की भावोजी कपाट उघडून दाखवतात. "आमच्या मेहुण्याने मला मारायला आणलेलं," म्हणतात, "भांडी घासायला उपयोगी पडलं!"