अडवणारीचा हात

पंच बाईंच्या तोंडात शिट्टी होती आणि त्या ती वाजवतच नव्हत्या! माझ्या भाचीने, सईने, बास्केटकडे उडी घेतली होती. समोरच्या संघातल्या उंच मुलीने तिचा चेंडू हवेतच थोपवला होता. सई धपकन खाली बसली होती आणि आम्ही सगळे "फाउल! फाउल!" म्हणून घसा फोडत होतो. बाई मात्र ढिम्म.

मध्यंतरात मला राहवेना. "मॅडम, पोरगी पडली की हो!"

"पडली ना. पण हात फक्त चेंडूला लागला," पाण्याची बाटली उघडत त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे चेंडूकडे बघता. मी अडवणारीच्या हाताकडे बघते."

डोक्यात लख्ख उजेड पडला. कुणी पडलं की आपण लगेच गुन्हेगार ठरवून मोकळे होतो. दुसऱ्याचा हात खरोखर कुठे लागला, हे बघायला सवड कुणाला असते?

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो आणि सई पुन्हा उडाली. या वेळी मी चेंडूवरची नजर काढली आणि त्या उंच मुलीच्या हातावर रोखली. काय देखणा हात तो! पाचही बोटं पसरून सरळ वर गेला आणि सईच्या मनगटाला न शिवता चेंडूवर थाडकन बसला.

"क्लीन! एकदम क्लीन!" मी उभा राहून आनंदाने ओरडलो.

शिट्टी वाजली नाही. आमच्या बाजूचे सगळे माझ्याकडे वळून बघत होते. शेजारी बसलेली ताई तेवढी बोलली, "कुणाचा मामा आहेस रे तू?"