बिनआडनावाचा स्वेटर

काही लोक असतात. स्वतःला करायचं नसलेलं काम समोर आलं की म्हणतात, "त्यात काय, दहा मिनिटांचं तर काम." मी कुणाचं नाव घेत नाही. पण त्यांच्या त्या दहा मिनिटांनी माझा अख्खा मे महिना खाल्ला. वर जुलैतल्या एका रविवारी पाचगणीत मला अशा जागी नेऊन उभं केलं, की अजूनही कुणी 'लेबल' म्हटलं की मी विषय बदलतो. आज मात्र सांगतोच. चहा उकळेपर्यंत होईल सांगून.

काम काय होतं? माझ्या भाचीच्या कपड्यांवर नाव घालायचं. एवढंच.

भाची म्हणजे स्वरा. वय वर्षं दहा, मुक्काम सातारा. तिला पाचगणीच्या एका निवासी शाळेत जायचं होतं. मागच्या वर्षीच्या उन्हाळी शिबिरात त्या शाळेच्या गच्चीवरच्या दुर्बिणीतून तिनं शनीची कडी पाहिली होती, आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. तिची आई, म्हणजे माझी अमृताताई, या गोष्टीला अजिबात तयार नव्हती. दाजी, म्हणजे रोहनदाजी, ताई म्हणेल त्याला तयार होते. आणि मी? मी अर्थातच स्वराच्या बाजूनं. मूल मोकळं वाढलं पाहिजे, आईबापांची भीती ही मुलांच्या पायातली बेडी असते, वगैरे मी सांगलीहून फोनवर रोज ऐकवायचो. शेवटी ताई कंटाळली असावी.

"जाऊ दे तिला," ती म्हणाली. "पण पहिल्या महिन्यात एक जरी तक्रार कानावर आली ना, तर जाऊन घेऊन येणार. मग तू मध्ये बोलायचं नाहीस."

हे स्वरानं ऐकलं. मीही ऐकलं. फरक एवढाच, की तिनं ते लक्षात ठेवलं.

शाळेकडून सामानाची यादी आली. चार पानी. शेवटची ओळ: 'प्रत्येक कपड्यावर नाव टिकाऊ पद्धतीने घातलेले असावे.' तेव्हा कुणीतरी ते दहा मिनिटांचं वाक्य म्हटलं, आणि काम माझ्याकडे आलं.

आता मी कुठलंही काम घेतलं की त्याच्या मुळाशी जातो. हा माझा गुण आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं.

पहिल्यांदा मार्कर आणला. पाकिटावर लिहिलं होतं, कधीही न पुसला जाणारा. तीन धुण्यांत काळ्याचा जांभळा झाला, चौथ्यात नाव गेलं आणि डाग राहिला. मग इस्त्रीनं चिकटणारी लेबलं. ती सुती शर्टावर छान बसली. पण ट्रॅकपँटवर इस्त्री ठेवली आणि लेबलासकट पँट इस्त्रीला चिकटली. मग मशीनची एम्ब्रॉयडरी. दिसायला राजेशाही, पण मोज्यावर केली तेव्हा आतून दोऱ्यांची अशी गाठ आली, की पायात खडा घेऊन चालल्यासारखं वाटावं. मी स्वतः घालून विश्रामबागेतून कॉलेज कॉर्नरपर्यंत चालून बघितलं. मुळाशी जातो म्हणालो ना.

हे सगळं माझे वडील, आबा, आरामखुर्चीतून बघत होते. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्या मते जगातला प्रत्येक प्रश्न फौजेनं आधीच सोडवून ठेवलाय.

"अरं, नंबर घाल की," ते म्हणाले. "बारका, दोन आकडी. आमच्या बनियनपास्नं ट्रंकेपतूर सगळ्यावर नंबर असायचा. एक रुमाल हरवला न्हाई कवा."

"आबा, स्वरा माणूस आहे. तिला नाव आहे."

"मग माझं नाव नव्हतं व्हय?"

मी चिडलो आणि थेट इचलकरंजीला गेलो.

इचलकरंजीत विणलेली लेबलं करून मिळतात. छापलेली नव्हे, विणलेली, अक्षरंच दोऱ्याची. एक नमुना घेतला. सोड्यात उकळला. कृष्णेच्या घाटावर दगडावर आपटला. तीन दिवस उन्हात ठेवला. आमच्या गॅलरीतल्या मांजराला खेळायला दिला. काही झालं नाही. अक्षर जसंच्या तसं. कमीत कमी शंभर लेबलांची ऑर्डर द्यावी लागते म्हणाले. दिली.

आणि इथं, मित्रांनो, मी ती चूक केली. टिकाऊपणात नव्हे. टिकाऊपणा निर्दोष होता. चूक लेबलावर काय विणायचं त्यात होती.

त्याचं असं, की मी आडनाव लावत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून. आपल्याकडे आडनाव कळलं की समोरचा माणूस डोळ्यांतल्या डोळ्यांत जात काढतो, गाव काढतो, आणि मग पाण्याचा पेला कुठल्या हातानं द्यायचा ते ठरवतो. म्हणून मी माझं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव लिहितो. बँकेत त्रास होतो, पण चालतं. मग जी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर पडतेय, तिच्या पाठीवर मी आडनाव शिवणार? शक्य नव्हतं. स्वराचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव. मी ताईला विचारलंसुद्धा नाही. असल्या गोष्टी विचारत बसलं की समाज शंभर वर्षं मागं राहतो.

शंभर लेबलं आली. पांढऱ्यावर निळ्या दोऱ्यानं, एका ओळीत: स्वरा अमृता रोहन.

आमच्या गल्लीतल्या टेलरकडे सगळं गाठोडं नेलं. स्वेटर तीन, ट्रॅकपँट, टी-शर्ट, मोजे, टॉवेल, चादरी. चारही बाजूंनी शिवा म्हटलं. टेलरनं लेबल वाचलं, एक स्वेटर उचलून बघितला, दुसरा बघितला.

"तिघांना एकच माप कसं काय बसतंय?"

"तुम्ही शिवा हो," मी म्हटलं. मला घाई होती.

जूनमध्ये स्वरा पाचगणीला गेली. दर रविवारी दहा मिनिटं फोन. ताई पहिला प्रश्न विचारायची, "सगळं नीट आहे ना?" पलीकडून उत्तर, "एकदम नीट." पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मी ताईला म्हणालो, बघ, मूल मोकळं सोडलं की कसं फुलतं. ताई म्हणाली, "ती इतकं कमी कधी बोलत नाही." मी म्हटलं, हीच ती आईबापांची भीती.

तिचा पहिला महिना संपायला आला आणि जुलैतला भेटीचा रविवार आला. ताई, दाजी आणि मी गेलो. पाचगणीत धुकं इतकं, की शाळेची पाटी हातानं चाचपून वाचावी. आत सगळी पोरं लाल स्वेटर घालून फिरत होती. लाल, लाल, लाल. आणि त्यांच्यातून एक पांढरा ठिपका आमच्याकडे पळत आला. अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, पायांत मोज्यांशिवाय बूट. स्वरा.

ताईनं तिला जवळ घेतलं आणि लगेच पुन्हा लांब धरलं.

"स्वेटर कुठंय?"

"धुवायला."

"तिन्ही?"

"हो."

"मोजे?"

"तेपण."

"कधीपासून?"

स्वरानं माझ्याकडे बघितलं. मी धुक्याकडे बघितलं.

"मला थंडी वाजत नाही," स्वरा म्हणाली, पण ती म्हणेपर्यंत दातांवर दात वाजले.

ताई रागावली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. तेच झालं. ती अगदी हळू म्हणाली, "चल, बॅग भर."

स्वरा रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी तक्रार नाही केली मम्मी. तू विचारलंस."

तेव्हा मला कळलं, की चार रविवार ती फोनवर काय करत होती. दहा वर्षांची पोर कुडकुडत होती आणि 'एकदम नीट' म्हणत होती, कारण खरं बोललं तर दुर्बीण जाणार होती. आणि मी तिकडे फुलण्याबद्दल बोलत होतो.

"ताई, अर्धा तास दे," मी म्हटलं. "कपडे हरवूच शकत नाहीत. प्रत्येकावर लेबल आहे. चारही बाजूंनी शिवलंय."

"अर्धा तास," ताई म्हणाली. "मग आपण निघतोय."

लॉन्ड्री स्वयंपाकघराच्या मागं होती. लांबलचक पत्र्याची शेड, भिंतीला कप्पे, कपड्यांचे ढीग, आणि मध्ये इस्त्री करत उभ्या एक मावशी. मी जरा चढ्या सुरातच विचारलं, "मावशी, आमच्या स्वराचे कपडे महिनाभर मिळाले नाहीत. कुठं आहेत?"

"कंची स्वरा? चार हायत."

मी खिशातून एक लेबल काढलं. शंभरातली उरलेली मी जवळ बाळगत होतो, लोकांना नमुना दाखवायला. मावशींनी ते हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आसं व्हय. तिघांचं ते. लेबल मातर येक नंबर हाय बरं का. धा धुणी झाली, दोरा हलला न्हाई."

"तिघांचं म्हणजे?"

"स्वरा, अमृता, रोहन." त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. "भावंडं असत्यात की. येका बॅगेत तिघांचं सामान पाठिवत्यात लोकं. रेक्टर बाईंस्नी इचारलं, तर अमृता सहावीत निघाली, रोहन पाचवीत. स्वरा पडल्या चार, त्यातली कंची ते कळंना. मग काय, दिलं दोघांत वाटून."

माझ्या मागं दाजी उभे होते. त्यांनी हळूच घसा साफ केला. "मावशी, रोहन मी आहे."

मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमाला बसायचा न्हाई त्यो," त्या म्हणाल्या.

मी समजावायचा प्रयत्न केला, की तीन नावं ही तीन मुलं नाहीत. हे आईचं, हे वडिलांचं. मावशींनी एका कप्प्यातून दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट काढून कॉलर उलटी केली.

"ह्ये बघा. शेवटाला आडनाव आलं. आडनाव आलं की मला कळतंय, हितं येका पोराचं नाव संपलं. तुमच्यात आडनावच न्हाई. मग म्या समजायचं कुठं थांबायचं?"

मावशींनी निरोप पाठवला तशा रेक्टर बाई पाचवीतल्या रोहनला घेऊन आल्या. गुटगुटीत, गालावर लाली, एकंदरीत अतिशय ऊबदार मुलगा. त्यानं एकावर एक दोन स्वेटर घातले होते. वरच्याची कॉलर बाहेर आली होती आणि तिच्यावर माझं निळं लेबल दिमाखात झळकत होतं.

"मला वाटलं आजीनं पाठवले," तो म्हणाला आणि दोन्ही काढून द्यायला लागला. मधल्या काळात त्यांना जांभया, शिंका आणि भरपूर जॅम लागला होता.

तिसरा स्वेटर आणि टॉवेल सहावीतल्या अमृताकडे सापडले. मोजे दोघांत निम्मे निम्मे. हिशेब चोख होता.

ताई इतका वेळ दारात उभी होती. तिनं एका अनोळखी मुलाच्या स्वेटरवर स्वतःचं नाव वाचलं, मग नवऱ्याचं वाचलं, मग नवऱ्याकडे बघितलं. आणि हसायला लागली. चादरींच्या गाठोड्यावर बसून हसली. दाजीही हसले, कारण ताई हसत होती. मी हसायचा प्रयत्न केला, पण ताईनं माझ्याकडे बघितल्यावर थांबलो.

मग तिनं त्यातला बरा स्वेटर झटकून स्वराच्या डोक्यातून घातला, बाह्या ओढल्या, कॉलर नीट केली.

"बॅग?" स्वरानं विचारलं. आवाज बारीक.

"बॅग राहू दे," ताई म्हणाली. "पण पुढच्या फोनवर खरं सांगायचं. थंडी वाजली तर थंडी वाजते म्हणायचं. मी न्यायला येणार नाही. स्वेटर पाठवीन."

स्वरा पळाली. दुर्बिणीकडे असावी, धुक्यात काही दिसणार नव्हतं, पण बहुतेक ती अजून जागेवर आहे ना एवढं बघायला.

ताईनं रेक्टर बाईंकडून पेन मागून घेतलं. प्रत्येक लेबलाच्या खाली आडनाव लिहायचं ठरलं. ती लिहिणार आणि मी कपडा ताणून धरणार, अशी कामाची वाटणी झाली. माझं मत कुणी विचारलं नाही. सतरा मोजे झाले तोवर मी गप्प होतो, आणि हा माझ्या आयुष्यातला विक्रम आहे.

पण अठराव्या मोज्याला राहवेना. निदान मावशींना तरी कळलं पाहिजे, की हे मी येडेपणानं केलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं, आडनावावरून माणसं माणसाला कशी तोलतात. मुलांना त्यातनं सोडवायला हवं, सगळी सारखी, कुणी वरचं नाही, कुणी खालचं नाही. चांगलं पाच मिनिटं सांगितलं. मावशी घड्या घालत शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी इस्त्री उभी केली.

"आवं दादा, मग म्या काय येगळं केलं? आडनाव इचारलं न्हाई, जात इचारली न्हाई, दोन पोरांत सारखं वाटून दिलं. साऱ्या हॉस्टेलातनं तक्रार घिऊन आला ते येकटं तुमीच."