आईचा एक तास

थोरलीचं काम दिवसभर बोलण्याचं, पण तोंडाने नाही. वॉशिंग मशीन बिघडलेली माणसं चिडून कंपनीला लिहायची आणि ही घरच्या लॅपटॉपवर टाइप करत एका वेळी तिघांची समजूत काढायची. उत्तराला मिनिटभर उशीर झाला की तिच्या नावापुढे लाल ठिपका, आणि ठिपके साठले की नोकरीवर गदा. मग जेवताना मोबाइल, अंघोळीला जाताना मोबाइल. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताईला हाक मारून काय उपयोग? मेसेज करा."

आई अगदी उलटी. ती दारात बोलत उभी राहिली की शेजारणीचं दूध उतू गेलंच म्हणून समजा. त्याच आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली.

वाचा शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, "पहिले सहा महिने महत्त्वाचे. रोज एक तास समोर बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्यांनी तुमच्या तोंडाकडे बघायचं, तुम्ही त्यांच्या."

एक तास! कुठून आणायचा? थोरलीने शक्कल लढवली. एका रविवारी टॅबसमोर बसून तिने स्वतःचाच व्हिडिओ काढला. छान हसून, सावकाश. "पाणी." "दार." "ऊन." असे चाळीस शब्द. टॅब आईच्या मांडीवर ठेवला, सुरू-बंद करायला बोट कुठे टेकवायचं ते दाखवलं आणि ही परत कामाला. आठवड्याभराने आतून अडखळत "पा... पाणी" ऐकू आलं, तेव्हा तिचा ऊर भरून आला. त्या भरात तिने तिन्ही ग्राहकांना एकदमच 'धन्यवाद' पाठवले.

चौथ्या महिन्याच्या अखेरीला बाई तपासायला आल्या. पेला पुढे धरून म्हणाल्या, "आजी, हे काय?" आई गप्प. थोरलीने विचारलं, तरी गप्प. तिची नजर टॅब शोधत होती. तो हातात मिळाला आणि आई एकामागून एक शब्द म्हणत सुटली.

"या तुमच्याशी बोलत नाहीयेत," बाई म्हणाल्या. "आणि आता दोनच महिने उरलेत."

थोरलीने आईच्या हातातल्या टॅबकडे पाहिलं. आपण आईला फसवलं, दुसरं काही नाही. त्याच दुपारी तिने लॅपटॉप मिटला, मोबाइल भावाच्या हवाली केला, टॅब कपाटात कोंबला. नोकरी जायची तर जाऊ दे. गुडघ्याला गुडघा लावून ती आईसमोर बसली.

"आई, बघ माझ्याकडे. पाणी."

आई रिकाम्या मांडीकडे बघत राहिली.

"अगं, मीच आहे. त्यातही मीच होते ना गं!" थोरलीला रडू फुटलं. आईने घाबरून तोंड फिरवलं. असा चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता.

बराच वेळ गेला. मग आईने हळूच हात उचलला आणि थोरलीच्या गालावर बोट टेकवलं, टॅब सुरू करताना टेकवायची तसं.

थोरली हबकली. तिने नाक पुसलं, व्हिडिओतलं हसू कसंबसं ओठांवर ओढून आणलं. "पाणी."

"पाणी," आई म्हणाली.

"दार."

"दार."

"ऊन."

"ऊन."

हसू तसंच धरून थोरली पुढचा शब्द घेणार, तेवढ्यात आईने पुन्हा तिच्या गालावर बोट टेकवलं, तिला बंद केलं आणि खिडकीकडे वळली.