वाणात आलेली फणेरपेटी

आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि कुडाळकडून रात्रभर एसटीत बसून मी या शहरात आले. नवऱ्याला वाळूजला कंपनीत काम होतं. मला गारखेड्याच्या एका वहिनींनी स्वयंपाकाला ठेवलं. पोरीला शाळेत घालायलाही त्याच बरोबर आल्या. त्यांचे उपकार मी विसरले नाही. त्यांनीही मला कधी विसरू दिले नाहीत.

मागच्या संक्रांतीला त्यांच्या हळदीकुंकवाला बायका जास्त झाल्या आणि वाणाला आणलेल्या चहाच्या गाळण्या संपल्या. उरले मी. सवाष्णीला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून वहिनींनी माळ्यावरची एक पेटी काढली, आतल्या जुन्या वायरी आणि प्लग ओतून टाकले आणि ती माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, बांगड्या ठेवायला होईल.

घरी तेलाचा बोळा फिरवला तेव्हा कळलं, काय पदरात पडलंय ते. काळीभोर शिसवी. खिळा एकही नाही. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे कोपऱ्यांचे सांधे. आत आरसा, त्याखाली नथीचा, बुगड्यांचा, पाटल्यांचा वेगळा कप्पा. झाकणावर पोपटांची जोडी. एकाची चोच कोरताना कारागिराचा हात घसरला असावा. त्यानं तिथं पान कोरून वेळ मारून नेली. आता एक पोपट पान खातो आणि दुसरा हावऱ्यासारखा बघत बसतो. माझ्याकडे नथ नव्हती. त्या कप्प्यात मी पोरीचे दुधाचे दात ठेवले.

यंदा पुण्याहून वहिनींच्या नणंदबाई आल्या. जेवताना त्यांनी विचारलं, आईची फणेरपेटी कुठंय? तिकडे म्हणे असल्या पेट्या लोक दिवाणखान्यात मांडतात, वर खास दिवा सोडून. वहिनी म्हणाल्या, जपून ठेवलीय. मी पोळी वाढत होते. पोळी ताटाबाहेर पडली.

दिलेलं वाण परत मागत नाहीत. वहिनी असलं काही मानत नाहीत, असं त्याच सांगतात. पण मागितलं मात्र नाही. तुझ्या खोलीत ओल आहे का, वाळवी तर नाही ना, अशा माझ्या खोलीच्या चौकशा सुरू झाल्या. पेटी द्यावी तर जीव तुटतो, न द्यावी तर काम तुटतं.

शेवटी त्यांनीच वाट काढली. "यंदा तूही हळदीकुंकू कर की. मी येईन."

माझ्या लक्षात आलं. मागायचं नाही, पण कुणी वाण म्हणून दिलं तर घ्यायला काय हरकत? शिकलेल्या माणसाचं डोकं ते.

तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा वहिनी मुकुंदवाडीच्या माझ्या खोलीत आल्या. रेशमी साडी, हातात भलीमोठी रिकामी पिशवी. सतरंजीवर आमच्या गल्लीतल्या बायकांच्या मधे बसल्या. मी पोरीचे दात काढून घेऊन पेटी पाटावर पुसून ठेवली होती.

आमच्या घरमालकीण मावशी पाचोडच्या. त्यांनी झाकण उघडून आरशात कुंकू नीट केलं आणि विचारलं, "कुणी दिली गं?"

"वहिनींनी. वाण म्हणून."

मावशी वहिनींकडं वळल्या. "आमच्यात पिलास्टिक वाटतेत, बाई. तुमचं मन लई मोठं." मग त्यांनी आपल्या सुनेला वहिनींच्या पाया पडायला लावलं. तिच्या मागून सगळी गल्ली पाया पडली. वहिनी आखडून बसल्या होत्या, पण प्रत्येकीला आशीर्वाद देत होत्या.

मी ठरल्याप्रमाणे पेटी उचलली.

"अगं, ती कशाला?" वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "ती तुझीच आहे."

मग मी त्यांना इतरांसारखंच वाण दिलं. चहाची गाळणी. त्या पिशवीत ती पार तळाशी गेली.

परवा नणंदबाई पुन्हा आल्या. वहिनींनी त्यांना सांगितलं, पेटीला वाळवी लागली, टाकावी लागली. शिसवाला कुठं वाळवी लागते! नणंदबाई फार हळहळल्या. वहिनींनी माझ्याकडे न बघता चहा सांगितला. मी माझ्याच गाळणीनं गाळला आणि नणंदबाईंच्या कपात साखर जरा जास्त घातली.