उद्या म्हणणारा राजा

हे लिहायला घेतलं याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि बायबलाविषयी बोलण्याचा तर मला काहीच अधिकार नाही. आम्ही त्या धर्माचे नाही. मी ते वाचलेलंही नाही, फक्त ऐकलं, तेसुद्धा आत्याच्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता. काही चुकलं तर ते माझं ऐकणं चुकलं असं समजावं.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. उरवड्याच्या एका कारखान्यात कामाला असलेल्या नगरकडच्या ख्रिस्ती माणसाशी तिनं लग्न केलं आणि वडिलांनी तिच्याशी बोलणं सोडलं. तरीही मी कॉलेजची सगळी वर्षं उरवड्याला तिच्याकडेच राहिलो. आमच्या गावाहून, रिह्याहून, रोज पुण्याला जाणं जमण्यासारखं नव्हतं. आईनं परस्पर ठरवलं. वडील हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. माझी पेटी मात्र स्वतः उचलून एसटीत ठेवली.

आमच्याकडे भाताची झोडणी झाली की घरचा कणगा भरण्याआधी बहिणीचा वाटा बाजूला काढतात. तो न काढला तर घरातल्या धान्याला बरकत राहत नाही, असं मानतात. वडिलांनी तो एकाही वर्षी चुकवला नाही. स्वतःच्या हातानं काढायचे, वेगळ्या पोत्यात बांधायचे आणि म्हणायचे, "फुडल्या आठवड्यात देऊन येतो." मग कुणाचं लग्न निघायचं, कधी गाय व्यायची. शेवटी त्यात किडे व्हायचे आणि आई ते कोंबड्यांपुढं टाकायची. वाटा काढणारा आणि तो न देणारा माणूस एकच, हे मला लहानपणी कळायचं नाही.

एकदा पिरंगुटच्या घाटात वडिलांची मोटरसायकल घसरली आणि पाय मोडला. दवाखान्यात आत्या रोज डबा घेऊन यायची. ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे, पण जेवायचे. घरी सोडणार त्या दिवशी मी ऐकलं, ते आईला म्हणत होते, "चालाया लागलो की पैलं तिच्याकडं जाऊन यायचं." मग काठी सुटली. ते बाजारात गेले, जत्रेला गेले. उरवड्याला गेले नाहीत.

त्याच दिवसांत आत्यानं मला बायबलातली मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाची गोष्ट सांगितली. त्यानं देवाच्या लोकांना गुलाम करून ठेवलं होतं आणि सोडायला तयार नव्हता. म्हणून देवानं देशभर बेडकं सोडली. अंथरुणात, चुलीत, पिठाच्या परातीत बेडकं. देवाच्या माणसानं विचारलं, कधी घालवू? राजा म्हणाला, उद्या.

"एक रात आनखी बेडकांत निजंल, पन आज वाकायचा न्हाई," आत्या हसत म्हणाली. मग हातातली मेथी खाली ठेवली. "आन बेडकं गेली, जरा मोकळं वाटलं, की पुन्हा दगड झाला."

मी विचारलं, "पण देवानंच त्याचं मन कठीण केलं, असंही तूच वाचून दाखवलं होतंस."

"व्हय, तसंबी लिवलंय. पन आदी किती येळा त्यानं सवताच केलं, ते बी बघ की."

तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. मला मात्र त्या राजाच्या शिक्षेपेक्षा त्याला पुन्हा पुन्हा विचारलं गेलं याचंच नवल वाटत राहिलं. विचारणारा थकला कसा नाही? आत्याही थकली नव्हती. दर दिवाळीला ती मला घरी पाठवताना फराळाचा डबा द्यायची आणि म्हणायची, "दादाला म्हनावं, वाट बघतीया." त्या घरानं मला जेवू घातलं, शिकवलं, पण आपल्याशी न बोलणाऱ्या माणसाबद्दल वाईट न बोलता कसं राहायचं, ते मी तिथंच पाहिलं. त्याचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळत नाही.

या उन्हाळ्यात मामांचा, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा, कारखान्यातला विभाग बंद झाला. त्यांनी कायमचं नगरकडच्या गावी जायचं ठरवलं. मी रविवारी घरी जाऊन सांगितलं. वडील राब भाजायच्या तयारीत होते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरत होते. त्यांनी आणखी एक पाटी पालापाचोळा ओतला. मग म्हणाले, "काय वाचून दावती रं ती तुला?"

मी घाबरत घाबरत राजाची गोष्ट सांगितली.

"परातीत बेडकं? आन ह्यो म्हनतोय उद्या?" वडिलांचा हात थांबला. "आरं, आजच म्हनाया काय झालं व्हतं त्येला? येडंच दिसतंय!"

शेणाची पाटी घेऊन आलेली आई म्हणाली, "असत्यात काही काही मान्सं तशी."

"तू शेण टाक गप." थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "मंग, फुडं काय झालं त्येचं?"

मी सांगितलं. जनावरं मेली, पिकं गेली. शेवटी थोरला मुलगा गेला.

"पोरगं पन?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थोरला. मग त्यांनी काडी ओढून राब पेटवला आणि धुराकडे तोंड करून उभे राहिले. मी निघताना एवढंच म्हणाले, "पेपर नीट लिव."

माझा शेवटचा पेपर आणि आत्याचा निघायचा दिवस एकच आला. सकाळी मी आत्या-मामांच्या पाया पडलो. पेपर कसा लिहिला, आठवत नाही. बाहेर येऊन फोन चालू केला तर आत्याचे कितीतरी कॉल येऊन गेलेले. मी लावला. टेम्पोच्या आवाजात तिचं बोलणं नीट कळत नव्हतं.

"आरं, दादा आलाय! सामान भरून झालं व्हतं, आन दारात येऊन हुबा. म्हनतोय, म्हायेराला न येता कुटं निगालीस? टेम्पो रिह्याकडं वळवलाय. दादा फुडं बसलाय, ड्रायवरला रस्ता दावतोय."

मागून मामांचा हसण्याचा आवाज आला.

"ड्रायवर लई वैतागलाय," आत्या म्हणाली. "म्हनतोय, मावशी, नगर मागं ऱ्हायलं!"